अर्धा सूर वर

माझ्याकडे आता अकरा पेडल आहेत.
पाटावर ओळीने बसवलेले,
देवघरातल्या टाकांसारखे, वैजू म्हणते,
फक्त ह्यांना रोज लाथ मारायची.

हे सगळं एका कॅसेटपायी.
शहाण्णवचा डिसेंबर, कमाल चौक,
ऑर्केस्ट्राच्या मांडवात मी बांबूला टेकून,
स्वेटरच्या आत मामाचा टेपरेकॉर्डर लपवलेला,
आणि स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, ढोलकीच्या मागे
अर्धेच दिसणारे भाऊदास गजघाटे.

दोन कडव्यांमधली वीस सेकंदं, जास्त नाही.
तापल्या तव्यावर मध सांडावा
आणि तो जळू नये,
असं काहीतरी त्या गिटारमधून आलं.
मी अकरावीत होतो. नापास झालो.

मग नोकरी लागली आणि शोध सुरू झाला.
आधी ओव्हरड्राइव्ह घेतला, मध खरखरीत झाला.
सूर पाण्यातल्या दिव्यासारखा हलायचा, म्हणून कोरस.
कोरसने सगळंच हलू लागलं, म्हणून कंप्रेसर.
पुण्याहून एक डिले मागवला
त्याच महिन्यात फ्रिज बिघडला
ते वर्ष आम्ही माठावर काढलं.
व्हॉल्व्हचा जुना अँप मोमिनपुऱ्यात रफीउद्दीनकडे नेला,
त्याने आतल्या काचा फुंकून पुसल्या, म्हणाला,
'इसको गरम होने दो भैया, फिर बोलेगा.'
गरम व्हायला नागपुरात काय लागतं?
कूलर लावला की पंपाची गुणगुण पिकअपमध्ये शिरते,
म्हणून मे महिन्यात कूलर बंद,
मी बनियनवर, अँप लालबुंद,
आणि शेजारचे कोठेकर भिंत ठोकतायत.

तारा मी अर्धा सूर वर ताणायचो.
कॅसेटमध्ये तशाच होत्या.
पहिली तार तुटून लागली
त्याचा वण अजून हनुवटीवर आहे.

भाऊदास गजघाटे मला परवा इंदोऱ्यात सापडले.
झेरॉक्स आणि लॅमिनेशन.
मी विचारलं, पेडल कोणते वापरायचात?
'पेडल? सायकलचे होते ना.'
आणि अँप?
'अँप कुठचा बाप्पा,
मंडपवाल्याच्या मशिनीतच वायर खुपसून देत होतो.'
पण मग अर्धा सूर वर?
'काऊन लावू वर?
हार्मोनियमवाल्यानं मारलं असतं मले.'
थोडं थांबून, चष्मा कपाळावर नेत:
'सेल कोनते होते बे, तुह्या टेपात?'

टॉर्चमधले होते.
संपत आलेले, रात्रभर उन्हाळी वाळवणासारखे
गच्चीवर ठेवून पुन्हा घातलेले, कोणीतरी सांगितलं म्हणून.
टेप भरताना हळू फिरली होती.
घरी विजेवर लावली, ती धावली.
अर्धा सूर त्या चार सेलांचा.
हलणं सैल पडलेल्या पट्ट्याचं.
आणि तो मध,
तो आईच्या विणीचा.
माइकवर तिने घातलेले दुहेरी टाके,
त्यातून गाळून आलेली गिटार.
अकरा पेडलांत एकही लोकरीचा नाही.

मी कॅसेट सोबत नेली होती. लावली.
त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली,
बोटं काउंटरच्या काचेवर जागा शोधत राहिली
आणि चुकत राहिली.
'कोन आहे बे हा? मस्त वाजवून राहिला.'
मी म्हटलं, तुम्हीच.
'हट्. मी असा कुठं वाजवत होतो.'

मग सोलो संपताना मागून कोणीतरी
घसा फाटेस्तोवर ओरडतो, वन्स मोर,
मी गेली अठ्ठावीस वर्षं जे पुढे ढकलत आलो तेवढं,
आणि त्यांचे डोळे उघडले.
'हा आमचा रुपचंद,' म्हणाले,
'कोविडात गेला.'

आधार कार्ड घेऊन एक मुलगी आली होती,
तिला हातानेच थांब म्हणाले.
'मागं घे,' मला म्हणाले.
'नाही, गिटार नको.
त्याच्या पुढचं.'