श्वास रोखा

लडलोची अलॉटमेंट. सकाळचे सहा.
ओल्या गवतात कोपरं रुतवून मी पालथी.
फ्लॅशवर दुधाच्या रिकाम्या डब्याचा तुकडा,
रबरबँडने बसवलेला,
उजेड जरा मवाळ पडावा म्हणून.

फॉक्सग्लोव्हच्या जांभळ्या घंटेत
एक भुंगा रात्रीचाच झोपलाय.
पाठीवरच्या केसाकेसाला दव.

एकतीस वर्षं, हॉस्पिटलच्या तळघरात
काचेआडून म्हणत आले :
श्वास घ्या. रोखा. सोडा.
किती लोकांची हाडं पाहिली,
चेहरे फारसे नाहीत.

आता रोखायचा तो माझाच.
केसभर पुढे सरकले की डोळा निसटतो,
मागे आले की मिशा.

लख्ख!
वाटाण्याचा मांडव, विनिफ्रेडची शेड, उजाडलेला अख्खा दिवस
पडद्यावर काळाकुट्ट.
उरतो एवढासा जीव
आणि त्याच्या डोळ्यात एक पांढरा चौकोन :
माझा दुधाचा डबा.

"मिळालं का काही?" कुंपणापलीकडून विनिफ्रेड.
"हललं," म्हणते मी.
भुंगा नव्हे. मीच.

तो एक पाय झटकतो,
झोपेत पांघरूण सारावं तसा,
आणि पुन्हा निवांत.

सोडा, असं कुणी म्हणत नाही इथे.
कधी सोडायचा, तेच
कळत नाही पटकन.