चौथ्या मागाची जागा

जिथे चौथा माग होता
तिथे फरशीत अजून चार भोकं आहेत, बोल्टांची.
माग इलकलच्या पार्टीनं नेला.
भोकांवर आता टेबल,
टेबलावर प्रज्योतचा नवा कॉम्प्युटर,
काचेच्या पोटात जांभळे दिवे फिरवणारा.

सिनेमा चालतो. कॉलेजचं काम चालतं.
बायकोचं प्रवचन तीन तास चाललं, हूं नाही की चूं नाही.
पण गेम लावला, गाडी घाटाला लागली,
धुकं आलं, मागून पोलीस आले
की चट्.
पडदा काळा. पंखे क्षणभर गप्प.
मग कंपनीचं नाव पुन्हा उगवतं,
काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.

आधी मी विजेला शिव्या घातल्या.
वडगावात राहून दुसरं काय सुचणार?
गल्लीत साठ माग, ट्रान्सफॉर्मर एक,
सात वाजले की बल्ब काविळीनं पिवळा.
म्हणून एका रविवारी आमचे तिन्ही माग थांबवले,
शेजारपाजारच्यांना हात जोडले.
गल्ली इतकी शांत
की येळ्ळूर रस्त्यावरची बस ऐकू आली.
प्रज्योतनं गेम लावला.
अकरा मिनिटं.
चट्.

यूपीएस आणला. चट्.
विंडोज पुसून नवं घातलं. चट्.
रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरनं घासल्या,
एक ठेवली, मग दुसरी. चट्, चट्.
तापमान बासष्ट. त्याहून जास्त आमची मोटर तापते.
"पप्पा, लॉगमध्ये आलालंय बघा, कर्नल पॉवर, एक्केचाळीस."
कर्नल? म्हटलं, कॅम्पातला काय रे?
पोरगं चार दिवसांनी हसलं.

खडेबाजारातनं विरुपाक्षी आला, दुकान लावून, रात्री.
डब्याच्या पाठीवर हात ठेवला, जसा बैलाच्या ठेवतात.
म्हणाला, "लोड बंद कूडले ऑफ आगतैत्री."
कन्नडात बंद म्हणजे आला.
आमच्यात बंद म्हणजे बंद.
तीस वर्षं दोन्ही बोलतोय,
बिलाच्या खिडकीशी एक, खिडकीवरून परतताना एक,
पण हा शब्द असा कधी आडवा आला नव्हता.
लोड बंद. कॉम्प्युटर बंद.
नवा पॉवर सप्लाय घालावा लागंल, सात हजार,
असं सांगून तो चहा पिऊन गेला.

मी काही शिकलेलो नाही ह्यातलं.
पण रात्री अडीचला झाकण काढलं, बॅटरी तोंडात धरली,
आणि अडकलेल्या धोट्यापुढे बसतो तसा बसलो.
हात लावायचा नाही. नुसतं बघायचं,
ताण कुठनं कुठं जातोय.
ग्राफिक कार्डाला दोन तोंडं.
दोन्हींत पिना नीट बसलेल्या.
पण वायर एकच, शेवटाला फाटा फुटलेली.
एका कांडीवर दोन धोटे कोण चालवतं?
साधं अंग निघेल एकवेळ.
जरीचा काठ आला की तुटणारच.

खोक्यात, थर्माकोलखाली, दुसरी वायर होती,
पिशवीचं तोंडही न फोडलेली.

सकाळी विरुपाक्षीला फोन लावला. कन्नडात विचारलं.
तो बराच वेळ बोलला नाही.
मग मराठीत म्हणाला, "जोडून सोडा की मालक."

आज घाट संपला. पोलीस मागे राहिले.
चाळीस मिनिटं झाली, तास झाला,
मी तिसऱ्या मागावर उभा, डोळे दोऱ्यावर,
कान तिकडं, त्या एका चट्‌साठी.
काठ दोनदा चुकला माझा.

साडेनऊला लाइट गेली.
साठच्या साठ माग एका दमात थांबले,
गल्लीच्या कानांत नुसती शिट्टी.
अंधारात यूपीएस बीप करू लागला
आणि जांभळा उजेड तेवढा फिरत राहिला
टेबलाखाली, फरशीवर, भोकांच्या काठापर्यंत.
मी जागचा हललो असणार.
"ह्ये आपलं न्हवं पप्पा," तो म्हणाला,
"सगळ्या गल्लीचं गेलंय."