सोळा भाग

पहिली गोष्ट, ते संपवतात.
सोळा भाग, की दोरा तोडला, गाठ मारली.
आमच्या टीव्हीवरची सून मी कुमारी असताना नांदायला गेली,
माझी पोरगी अकरावीला आली
तरी ती जिन्यातच उभी, पदर तोंडाशी धरून.

परभणीत, नानलपेठेच्या अलीकडं माझं दुकान.
ब्लाऊज, फॉल, पिको. आठ बाय दहा.
मशीनच्या डाव्या अंगाला
रिळांच्या डब्याला टेकवून मोबाईल.
पाय पेडलवर, डोळा काठावर,
अन् कान पार सेऊलात.

आधी हिंदीतून ऐकायची.
मग भाचीनं, श्रावस्तीनं,
एका रडण्याच्या सीनला मूळ आवाज लावून दिला.
तेव्हापासून हिंदी बंद.
खालच्या इंग्रजी ओळी अर्ध्या कळतात,
अर्ध्या मी माझ्या लावते.
बापाला अप्पा म्हणतात तिकडं,
उदगीरची माझी मावशी म्हणायची तसंच,
शेवट जरा लांबवून.

आता तक्रार.
पोराची श्रीमंत आई पोरीला हॉटेलात बोलावते,
टेबलावरून पैशाचं पाकीट सरकवते,
पोरगी नको म्हणाली
की भरला ग्लास तिच्या तोंडावर.
पैशाचं मी समजू शकते.
पण पाणी?
आमच्या गल्लीत नळ बाराव्या दिवशी येतो, बाई.
मारायचंच तर चापट मार.

अन् ते मनगट धरून ओढणं.
हिरो येतो, बोलत नाही, मनगट धरतो, निघाला.
मागं गाणं. श्रावस्ती उशी कवटाळते.
मी वीस वर्षं बाह्यांची मापं घेते.
मनगटाचा घेर साडेपाच, सहा,
अन् कुणाच्या मनगटावर काय उमटलंय
तेही टेपखाली दिसतं.
आम्ही दोघी बघतो. मग मी आकडा लिहिते.
तिथं गाणं वाजत नाही.

गरीब पोरगी गच्चीवरच्या खोलीत राहते.
गरीब म्हणे!
समोर अख्खं शहर दिव्यांचं,
बाजेसारख्या फळीवर बसून
पातेल्याच्या झाकणात नूडल्स खाते.
ती खोली रिकामी झाली तर कळवा.

दुसऱ्या हिरोबद्दल मी बोलणार नाही.
औषध आणायला अन् छत्री धरायला ठेवलेला असतो तो.
पहिल्याच भागात शर्ट बघून मला कळतं,
इस्त्री जरा जास्तच नीट आहे,
ह्याला काही मिळायचं नाही.

पण कोट.
त्यांच्या कोटांशी माझं एका शब्दाचं भांडण नाही.
खांदा कसा बसतो!
पाठीतली शिवण सरळ खाली येते,
चालताना उघडते, उभं राहिलं की मिटते.
पहिला बर्फ पडतो तेव्हा सगळे तोंडं बघतात त्या दोघांची,
मी पॉज करून कॉलर मोजली,
काचेवर, बोटानं.

एप्रिलमधे शिवला. बेचाळीस डिग्री.
सोफ्याच्या कव्हराचं उरलेलं राखी कापड,
अस्तर आहेरात आलेल्या एका साडीचं,
जी सहा घरं फिरून माझ्याकडं थांबली होती.
बाही दोनदा उसवली.
दुपारी रस्ता सामसूम,
शटर अर्धं ओढलं. कूलरात पाणी नव्हतं,
नुसतं पातं फिरत होतं.
घातला.

आरशात हिरोईन काही नाही.
सत्तेचाळीस वर्षांची बाई,
घामानं निथळत, गळ्यात टेप.
मग खिशात हात घातले.

इतक्या बायांचं शिवलं मी,
एकीनं खिसा मागितला नाही,
अन् मीही कधी विचारलं नाही.
डाव्यात कात्री गेली,
उजव्यात मोबाईल, दुकानाची किल्ली, चिल्लर,
तरी तळाशी जागा उरली, मूठभर.

शटरखाली दोन पाय आले.
चप्पल ओळखीची, निळ्या साडीचा पिको.
"गौतमीताई, आहात का?"
"आहे. पण शेवटचा भाग चालूय.
वीस मिनिटं समोर रसवंतीत बसा,
रस माझ्या खात्यावर."

मोबाईल तर खिशातच होता, बंद.
पाय थोडे घुटमळले अन् गेले.
मी हात काढले नाहीत.