पाळण्याचं वजन

होटगी रोडला, विमानतळाची भिंत संपली की
उजव्या हाताला अजून कमान आहे.
'मयूरबन'. त्यातला 'म' मागच्या वळवात पडला.
तेव्हापासून नुसतं 'यूरबन'.
कुणी विचारलंसुद्धा नाही.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचं, पांढऱ्या बुटातलं,
टॅबवर आमच्या जमिनीचे चौकोन पाडूनच आलेलं.
झुकझुक गाडीच्या रुळावर उभं राहून म्हणालं,
इथून चाळीस फुटी रस्ता.
दुसऱ्याला लग्नाचं लॉन हवं होतं.
कारंजं राहू दे, बाकी काढा.
आणि सिमेंटची बदकं?
ठेवा दोन. फोटोला.

मालक चिडगुपकर फोनवर म्हणतात,
विकलं तर तुझं बघू, नरसप्पा.
नाही विकलं तर?
तरी बघू.

आज तिसरा. हत्तुरे, भंगारवाला.
पाळण्याखाली उभा, मान वर, डोळ्यांवर हात.
"वजन किती भरंल बे मामा, ह्याचं?"

रिकाम्याचं, का भरल्याचं?

तो हसला. मी खरंच विचारलं होतं.

मी मूळचा मागावरचा जॉबर.
गिरणीला टाळं लागलं तसा या चाकाला लागलो,
बावीस वर्षं माणसं नजरेनं तोलली.
चार नंबरात जाडजूड वकीलसाहेब बसले
की समोर दहा नंबरात
विडी कारखान्यातल्या तिघी, एक मांडीवरचं पोर,
आणि त्यांची डब्याची पिशवी.
नाही तर चाक एका अंगाला ओढतं,
मोटर कण्हते, पट्टा जळल्याचा वास सुटतो.
कुणालाच ठाऊक नसायचं
आपण कुणाच्या जोरावर वर निघालोय.

गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा संक्रांतीला येतो नि जातो,
त्याला जायची सवय आहे.
हा सिमेंटात रोवलेला.

आणि एक खोटं.
वरून सिद्धेश्वराचं तळं दिसतं, असं मी सगळ्यांना सांगायचो.
दिसत नाही.
एमआयडीसीची पाण्याची टाकी दिसते,
गच्च्यांवर रांगेनं वाळत टाकलेले टॉवेल,
आणि नुसतं ऊन.
खाली उतरून एकानंही भांडण काढलं नाही.
उलट पाहिलं म्हणायचे, काही जण हातही जोडायचे.

"चालू होतंय का, बघू की," हत्तुरे म्हणाला.
मी खटका दाबला.
रिकामं चाक गुमान फिरतं,
मागावर सूत नसताना धोटा पळावा तसं,
नुसता आवाज, कापड नाही.

त्याच्याबरोबरचं पोरगं, मालगाडीवरचा हमाल, बारीक,
मला बसू द्या म्हणालं.
एकटा नाही चालणार, मी म्हटलं. समोर वजन पाहिजे.
मग हत्तुरे बसला, लाजत, चार नंबरात.
दहा नंबरात पोरगं, आणि पायाशी
बागेतली वाळूची दोन पोती.
तरी जरा कमीच. एक दगड टाकला.

चाललं.
भर दुपारी तीनला, मार्चात,
बंद बागेत, दोन माणसं आणि दोन पोती.
वर गेल्यावर हत्तुऱ्यानं फोन खिशात घातला.
मी नेहमीसारखा ओरडलो,
"डाव्या हाताला तळं!"

उतरल्यावर हत्तुरे थोडा वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "दिसलं की."
मग किलोचा भाव सांगितला,
कमीच सांगितला,
आणि गंजाचे वेगळे कापणार म्हणाला.
मी म्हटलं, नऊ टन, थोडं वर.
त्यानं तळहातावर पेनानं लिहून घेतलं.

पोरगं गाडीच्या मागं चढता चढता थांबलं.
"मामा, कुठल्या बाजूला बघायचं होतं?
मला टॉवेलच दिसले."

मी हात केला.
कुठं केला, आता आठवत नाही.