उद्देशाचा रकाना

वरळीला, धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत,
फॉर्मवर उद्देशाला दीड ओळ जागा होती.
मी लिहिलं, ज्यांना परत जाता येत नाही
आणि ज्यांच्या ओळींना बाहेर पडता येत नाही
त्यांच्यासाठी.
कारकून म्हणाला, बाई, हे अडकेल.
‘कलेचा प्रसार’ लिहा, सगळे तेच लिहितात.
लिहिलं.
म्हणजे आमच्याकडची पहिली काटछाट
माझ्याच हातची, निळ्या शाईतली,
वर गोल शिक्का.

जागा दारूखान्यात.
खाली मोडलेल्या जहाजांचे नळ, घड्याळं, संडासाची भांडी विकणारे घासवाला,
वर आम्ही, दोरखंडाच्या जुन्या गोदामात.
डांबराचा वास अजून जात नाही.
डिपॉझिट म्हणजे सुधन्वाच्या आईच्या पाटल्या.

काबूलची झरमिना पहिली आली.
खिडक्या किती, उजेड कुठून, काही नाही.
विचारलं, दाराला कडी आहे?
आतून आहे.
बाहेरची आम्ही काढून टाकली.

मग तांडेल आले, नाटकवाले.
मंडळाने कापलेली सतरा वाक्यं
औषधाच्या पुडीत, घडी घालून.

चुना लावायच्या आदल्या रात्री
त्यांनी ती कोळशाने भिंतीवर लिहिली.
झरमिनानं दुसऱ्या टोकाकडून घेतलं,
उजवीकडून डावीकडे, तिचं काहीतरी.
मध्यावर ओळी एकमेकींत घुसल्या
आणि दोघंही थांबली, कोळसा हातात तसाच.

सकाळी रंगारी म्हणाला, किती हात मारू?
सुधन्वा म्हणाला, दोन.
मी म्हटलं, एकच.
आणि पातळ.