तीनशे बारा तास

केमीच्या बाहेर, धावपट्टीला चिकटलेली पत्र्याची शेड.
दार सरकलं तसा आधी वास आला:
पेट्रोल, ओले मोजे, शिळी कॉफी.
मग ते दिसलं. दोन माणसांचं हेलिकॉप्टर,
माझ्या स्नोमोबाइलपेक्षा जरासंच थोराड,
एक पातं शेपटीला पट्ट्याने बांधलेलं, शेडमध्येसुद्धा,
माजावर आलेला नर बांधावा तसं.

तौनो केरानेनची शाळा बंद झाली होती.
खुर्च्या गेल्या, फळा गेला. हे उरलं.
त्याने टेबलावर सहा वह्या मांडल्या
आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

आमच्यात कुणाला विचारत नाहीत, तुझी रेनडियर किती.
ते म्हणजे यजमानाच्या खिशात हात घालणं.
इथे मात्र मला विचारावंच लागलं:
इंजिनाचे तास किती, पात्यांचे किती,
किती वेळा आपटलं, कुणी, कुठे.

तो पाठमोराच सांगत गेला.
चौथी वही, पान एकोणीस, उतरताना जोरात.
डावी स्किड बदलली. पोरगी रडली नाही,
पण पुन्हा आलीही नाही.

बावीसशे तास भरले की सगळं उघडायचं,
सुटं करायचं, नव्याने जोडायचं,
आणि त्याचं बिल दुसऱ्या हेलिकॉप्टरएवढं.
ह्याचे झालेत अठराशे अठ्ठ्याऐंशी.
उरले तीनशे बारा.
मी बोटांवर मोजलं: उन्हाळ्यात पिल्लं हुडकणं,
शरदात कळप वळवणं. दोन वर्षं.
ताणली तर अडीच.

"तुझे किती?" त्याने विचारलं.
रेनडियर म्हणतोय की काय, मला वाटलं.
"उडण्याचे," तो म्हणाला.
"सत्याहत्तर."
तो हसला नाही, हे मी लक्षात ठेवलं.

दोन्ही सीटच्या मध्ये एकच दांडा, वर तराजूची आडवी दांडी.
माझी मूठ खाली गेली की त्याची वर.
पण त्याचे हात मांडीवरच होते, पालथे.
उजवी मूठ झिजून गुळगुळीत, डावी जवळजवळ कोरी.
इतक्या वर्षांत ह्या माणसाने किती कमी वेळा हात लावला,
ते तिथे लिहिलेलं होतं. सहा वह्यांत नव्हतं.

पंधराशे फुटांवर त्याने थ्रॉटल मिटला.
आवाज उतरला, पोट वरच राहिलं.
खाली दलदल, बुटके पाइन, वर येत, वर येत,
आणि पाती आता नुसत्या वाऱ्याच्या उधारीवर फिरणारी.
"तूच उतरव," तो म्हणाला, जेवायला वाढ म्हणावं तसं.
शेवटच्या पन्नास फुटांत इंजिन परत दिलं.

परतल्यावर मी तपासणीचा लॅमिनेट केलेला कागद वाचला.
बॅटरी. क्लच. कार्ब्युरेटरची गरम हवा.
आणि मधेच, बॉलपेनने, वाकड्या अक्षरांत: श्वास घे.
"कुणी लिहिलं?"
"माहीत नाही. पुसू नकोस."

डाव्या दाराची कडी ढिली होती.
तिचे मी तीन हजार युरो कमी करून घेतले.
मग त्याने इंजिनाची गोधडी फुकट दिली,
आणि मला जरा लाज वाटली.

सोदांकुलाला टाकी भरली.
रिकाम्या डाव्या सीटवर वह्या, पट्ट्याने आवळलेल्या.
दांडीचं ते टोक वाटभर हवेत डुलत राहिलं,
कुणाचाही हात नसताना.

घरी वडील एक अख्खी फेरी मारून आले.
नवा नर आणला की मारतात तशीच.
वाकून पाय बघितले. काचेवर पोर ठोकतं तसं ठोकलं.
"खूण कुठे?"
आमच्याकडे मालकाची खूण कानात कापतात.
मी शेपटीवरची पाच अक्षरं दाखवली.
त्यांनी ती ओठ हलवत वाचली, पटली नसावीत.
"थंडीत उठतं का?"
"तासभर ऊब द्यावी लागते."
ते काही बोलले नाहीत.
शेडमधून जुनं कातडं आणलं
आणि गोधडीवरून अंथरलं, कडा नीट खोचून.