सतरा नंबरची कुंडी

माझी आई पान्सोलच्या गरम झऱ्यांपाशी
हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालते.
दिवसाला दोनशे.
कोपऱ्याला कोपरा, मग तळहाताचा एक दाब:
आता हलू नकोस.
मी, मारिलाग, तिची धाकटी,
लोस बान्योसला भाताच्या कुंड्या जोखते.
आईला वाटतं, मी घड्यांच्या धंद्यातून सुटले.

पेशीत प्रथिन जन्मतं तेव्हा नुसता लांब धागा असतो,
आणि नुसत्या धाग्याचा कुणाला काय उपयोग.
वळायचं, दुमडायचं,
पाण्याला भिणारं अंग आत लपवायचं,
तेव्हा कुठे ते हाताशी येतं.
एकट्याने जमतंच असं नाही.
म्हणून भाताकडे पाठराखिणी असतात,
नवरीसोबत धाडतात तशा.
घडी चुकली तर उलगडून पुन्हा घालायला लावणाऱ्या,
उन्हात ती विस्कटू नये म्हणून कडेकडेने चालणाऱ्या.
मोठमोठी घराणी आहेत त्यांची,
एकेका घरात वीस-पंचवीस जणी,
नावं नाहीत, नुसते नंबर.
पाणी भरपूर असतं तेव्हा बऱ्याच जणी
कामाचं सोंग करून पेंगतात.

एप्रिलमध्ये आम्ही पाणी तोडलं.
काचघरात वीस कुंड्या, बारा दिवस.
रोज संध्याकाळी तराजू:
कालच्यापेक्षा किती ग्रॅमने तहान वाढली.
सहाव्या दिवशी पानं वळायला लागली
विडीसारखी, बारीक, घट्ट.
तोंडचं पाणी पळणं झाडाला लागू करून बघा,
म्हण उरत नाही, मोजमाप होतं.

लोलो अनाक्लेतो रात्रीचा पहारेकरी,
मूळचा नुएवा एसिहाचा,
गुडघे गेले म्हणून शेत सुटलं.
"ही मरायला ठेवलीयस?"
"नाही. तहानेत कोण जागं होतं, ते बघायला."
"मग मला विचार. मी जागाच असतो."

तेराव्या दिवशी, माकिलिंगवर उजाडायच्या आत,
पानांचे तुकडे कापून द्रव नायट्रोजनमध्ये टाकले.
पांढरा धूर, काच तडकल्याचा आवाज,
आणि आतली सगळी धावपळ जागच्या जागी गोठली.

आकडे आले तीन आठवड्यांनी.
एकोणीस कुंड्यांत कल्लोळ,
घराण्यातल्या झोपाळू जणीसुद्धा पदर खोचून उभ्या.
सतराव्या कुंडीत सामसूम.
कुणीतरी डोक्यावरून हात फिरवून गेल्यासारखी.
बाराव्या संध्याकाळचं वजन वहीत बरोबर होतं.
म्हणजे जे झालं ते रात्री.

लोलो सुकट आणि भात खात होता.
नाकारलं नाही त्याने.
"दारापाशीच होती ती. जाता-येता पान बाहीला लागायचं."
"आणि बाकीच्या?"
"थर्मासात तेवढंच उरलं होतं."

डॉक्टर साल्वेरोन म्हणाल्या, सतरा वगळ, पुढे जा.
वगळली.
पण रात्री घरी आलेख पुन्हा उघडला.
सगळ्या पाठराखिणी निजल्या होत्या,
एक सोडून.
अकरा नंबरची,
पाणी मिळून सहा तास झाले तरी
तिने हात सोडलेला नव्हता.
तिला आधी कुणी पाहिलं नव्हतं,
कारण तहानलेल्याला आम्ही मध्येच कधी
पाणी दिलंच नव्हतं.

आईला फोनवर सांगायला गेले.
ती म्हणाली, ओल्या चादरीची घडी धरत नाही,
फार कोरडीचीही नाही,
आणि तिला ग्राहकाने हाक मारली.

पुढच्या एप्रिलसाठी अर्ज केलाय.
वीसपैकी पाच कुंड्यांना बाराव्या रात्री पाणी,
दोनशे मिलिलिटर, मोजून.
ते द्यायच्या माणसाच्या रकान्यात
मी लोलोचं नाव घातलं, त्याला वाचून दाखवलं.
बराच वेळ तो टॉर्चचं बटण चालू-बंद करत राहिला.
मग म्हणाला,
"लिहून दिलेलं पाणी
वेगळं लागेल त्यांना."